पेट्रोल पाइपवर डिस्काउंट देऊ नका

एस्टिमेट कसं लिहायचं यावरचा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेलच. त्यानंतर जुन्या स्पोर्ट्स कार दुरुस्त करून देणाऱ्या गॅरेजवाल्यांनी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला. "सर, गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं तर कुठलं काम कमी करायचं?"

कुठलंही करा. क्रोम कमी करा, सीटचं लेदर पुढच्या वर्षावर ढकला. पण पेट्रोल पाइपला हात लावू नका. बाकी कामात चूक झाली तर पैसे जातात, इथे गाडी जळते.

माझ्या बॅचमधल्या एका गॅरेजमालकाने एमजीबी गाडी केली होती. रंग एकदम झकास. शेवटी बजेट संपलं. गिऱ्हाईक म्हणालं, "पाइप चालू आहेत ना? मग राहू दे." यानेही राहू दिलं. उन्हाळ्यात सिग्नलला गाडी उभी असताना बोनेटमधून पेट्रोलचा वास आला. चालवणाऱ्याने लगेच चावी बंद केली म्हणून निभावलं. कार्बोरेटरजवळचा रबरी पाइप चिरला होता. आता गंमत बघा. "मीच पैसे वाचवायला सांगितलं" असं ते गिऱ्हाईक चारचौघांत कधीच म्हणालं नाही. "त्याने काम नीट केलं नाही" एवढंच म्हणालं.

एमजीबीचं बोनेट उघडून बघा, म्हणजे धोका कळेल. १९६२ ते १९८० या काळात बनलेली ही गाडी. पेट्रोल आत जाण्याची आणि धूर बाहेर पडण्याची बाजू एकच. बहुतेक गाड्यांत दोन एसयू कार्बोरेटर थेट तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या वर बसतात. मध्ये फक्त पत्र्याची हीट शील्ड. पेट्रोल पंप मागच्या बाजूला आणि विजेवर चालणारा. म्हणजे साध्या वायरिंगमध्ये इंजिन बंद पडलं तरी चावी चालू असेपर्यंत तो फुटक्या पाइपातून पेट्रोल ढकलत राहतो.

मोठ्या कंपन्यांनाही हे लगेच जमलं नव्हतं. पोर्शे ९१४ मध्ये इंजिन सीटच्या मागे. सुरुवातीच्या चार सिलिंडरच्या गाड्यांत पंप इंजिनच्या गरमीजवळ होता. पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी बंद पडायची. १९७५ च्या मॉडेलला कंपनीने पंप पुढे टाकीजवळ नेला. त्याच गाडीत बॅटरी इंजिनच्या खणात आहे. तिचं ॲसिड गळून खालचा पत्रा आणि पेट्रोल पाइप खातं. म्हणजे पाइप नवा असून भागत नाही, तो कुठून नेला हेही तितकंच महत्त्वाचं.

"सर, गिऱ्हाइकाला सगळं ओरिजिनल हवं असतं," असं काहीजण म्हणतील. मान्य. पण ओरिजिनल पाइप आजच्या पेट्रोलसाठी बनलेला नाही. आपल्याकडे पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं आणि जुनं रबर त्याने लवकर खराब होतं. त्यामुळे रबरी होज इथेनॉल सोसणारा, एसएई जे३० आर९ दर्जाचा घ्या. तो ओरिजिनल दिसत नाही अशी तक्रार असेल तर सरळ सांगा, की गाडीच राहिली नाही तर ओरिजिनल काय दाखवणार?

आता एस्टिमेटमध्ये "किरकोळ कामं" असं लिहून मोकळे होऊ नका. प्रत्येक ओळ वेगळी लिहा:

१. सगळे रबरी होज आणि क्लिपा नव्या. क्लिप रबर कापणारी नको.
२. लांब अंतराला धातूचा पाइप, ठिकठिकाणी बॉडीला क्लिपने पकडलेला. रबर फक्त जिथे हालचाल आहे तिथे.
३. पत्र्यातून पाइप जातो तिथे ग्रोमेट.
४. एक्झॉस्ट, फॅन बेल्ट आणि ॲक्सिलरेटरच्या लिंकेजपासून अंतर. हीट शील्ड जागेवर.
५. शेवटची तपासणी: इंजिन चालू करून एकाने रेस द्यायची, दुसऱ्याने बाजूला उभं राहून बघायचं.

पाचवी ओळ कुणी लिहीत नाही, पण खरी मेख तिथेच आहे. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. रेस दिली की ते हलतं. गाडी बंद असताना बोटभर दिसणारी जागा त्या वेळी राहतेच असं नाही. बॉडीवरून इंजिनवर येणाऱ्या होजला थोडी ढील हवी, पण इतकी नको की तो लोंबून मॅनिफोल्डला टेकेल. मोठा एअर फिल्टर बसवला असेल तर बोनेट बंद करूनही खात्री करा. तो कुठल्या पाइपला दाबत तर नाही ना?

हे सगळं झालं की फोटो काढा आणि बिलासोबत द्या. जे काम दिसत नाही त्याचे पैसे द्यायला गिऱ्हाईक कां-कूं करतं. एकदा जुना चिरलेला पाइप त्याच्या हातात ठेवा, पुढे फार बोलावं लागत नाही.

आणि तरीही तो "राहू दे" म्हणाला तर? गाडी परत द्या. हात जोडून, चहा पाजून, पण परत द्या. एक काम गेल्याने गॅरेज बंद पडत नाही. तुमच्या हातून गेलेली एक गाडी पेटली, तर मात्र पडू शकतं.