सिनेमाच्या दोन फ्रेममधली उसनी फ्रेम

नवा मोठा टीव्ही घरी आला की दोन-चार दिवसांत कुणीतरी म्हणतेच, ‘चित्र झकास आहे, पण सिनेमा मालिकेसारखा का दिसतो?’ ही तक्रार खरी आहे आणि तिचे मूळ एका भागाकारात आहे.

सिनेमा म्हणजे भराभर दाखवलेली स्थिर चित्रे, म्हणजेच फ्रेम. मूकपटांच्या काळी त्यांचा वेग कमीजास्त असे. पुढे ध्वनी फिल्मवरच मुद्रित होऊ लागला आणि वेग हलला की आवाजही बिघडू लागला. त्यामुळे १९२० च्या दशकाच्या अखेरीस सेकंदाला २४ फ्रेम हे प्रमाण रूढ झाले.

टीव्हीचा वेग ठरला तो विजेच्या वारंवारतेवरून: भारतात आणि युरोपात ५० हर्ट्झ, अमेरिकेत ६०. दोन्हींना २४ ने पूर्ण भाग जात नाही. ५० हर्ट्झच्या देशांत सिनेमा सरळ २५ फ्रेमने चालवण्याची पद्धत पडली. त्यात अडीच तासांचा चित्रपट सहा मिनिटे आधी संपे आणि नटांचा आवाज किंचित चढा लागे. ६० हर्ट्झवर एक फ्रेम तीनदा, पुढची दोनदा दाखवतात. एरवी हे जाणवत नाही. पण कॅमेरा डोंगररांगेवरून सावकाश फिरू लागला की चित्र बारीक गचके खाते. १२० हर्ट्झच्या पडद्यावर प्रत्येक फ्रेम बरोबर पाच वेळा बसते आणि हा दोष मिटू शकतो.

दुसरी अडचण पडद्याची. फिल्मच्या प्रोजेक्टरमध्ये मधूनमधून क्षणभर अंधार होई. आजचे एलसीडी आणि ओएलईडी पडदे पुढची फ्रेम येईपर्यंत आधीची तशीच धरून ठेवतात. डोळा मात्र हलत्या वस्तूमागे सरकत राहतो, म्हणून ती पुसट दिसते.

यावर कंपन्यांनी काढलेला तोडगा म्हणजे मोशन इंटरपोलेशन, अर्थात मधल्या फ्रेम रचणे. टीव्हीतला प्रोसेसर लागोपाठच्या दोन फ्रेम ताडून पाहतो आणि मधले चित्र अंदाजाने तयार करतो. खिडकीच्या गजांमागून कुणी चालत गेले की हा अंदाज चुकतो. गजांच्या कडा थरथरतात, माणसाभोवती पाणी हलल्यासारखे दिसते. अंदाज बरोबर आला तरी हालचाल स्टुडिओतल्या व्हिडिओइतकी गुळगुळीत होते. मालिकेचा भास होतो तो इथे.

डिसेंबर २०१८ मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वरी यांनी चित्रफीत काढून प्रेक्षकांना ही सोय बंद करण्याची विनंती केली. २०१९ मध्ये ‘फिल्ममेकर मोड’ जाहीर झाला. तो निवडला की ही भर आपोआप थांबते.

क्रिकेट पाहताना ही सोय ज्यांना आवडते त्यांनी ती जरूर ठेवावी. तिथे कुणाच्या कलाकृतीला धक्का लागत नाही. सिनेमाचे तसे नाही. दिग्दर्शकाने, छायालेखकाने पारखून घेतलेल्या हालचालीत यंत्राने न विचारता भर घालणे चूक आहे, आणि टीव्ही कारखान्यातूनच ही सोय चालू ठेवून पाठवणे त्याहून चूक. पुढचा सिनेमा लावण्याआधी सेटिंगमध्ये जा. मोशनफ्लो, ट्रूमोशन, ऑटो मोशन प्लस अशा नावांनी ती तिथे असेल. ती बंद करा.