चष्मा उतरतो, दोष उरतो

डोळ्यांवरचा चष्मा उतरावा ही इच्छा आता केवळ हौसेची राहिलेली नाही. विवाहाच्या बोलण्यांत मुलीच्या चष्म्याचा नंबर विचारला जातो. सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या तरुणाचे भवितव्यही त्या नंबरावर अडते. असे तरुण नेत्ररुग्णालयाची पायरी चढण्यापूर्वी पुष्कळदा आपल्या चिकित्सालयात अथवा औषधी दुकानात येतात आणि विचारतात, ‘वैद्यराज, लेसर करून घेऊ, की आपल्याकडे काही थेंब आहेत?’ या प्रश्नास आपण जे उत्तर देऊ, त्यावर रुग्णाचा डोळा आणि आपल्या शास्त्राची पत ही दोन्ही अवलंबून आहेत.

आमच्या पाहण्यात या प्रश्नाची दोन उत्तरे येतात आणि दोन्ही सदोष आहेत. काही वैद्यबंधू लेसरचे नाव काढताच ‘डोळा जाळून घेऊ नका’ असे भय घालतात. दुसरे काही जण सहा महिन्यांत नंबर उतरविण्याची हमी देऊन थेंबांची बाटली हाती ठेवतात. पहिल्या उत्तरात अज्ञान आहे, दुसऱ्यात वंचना आहे.

प्रथम या कर्माचे स्वरूप समजून घेऊ. मूळचे मद्रासचे शास्त्रज्ञ रंगस्वामी श्रीनिवासन यांनी १९८१ मध्ये अमेरिकेतील आयबीएमच्या प्रयोगशाळेत सहकाऱ्यांसह असे दाखविले, की १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा एक्सायमर लेसर आजूबाजूच्या ऊतींना न भाजता अतिसूक्ष्म थर काढू शकतो. म्हणजे ‘डोळा जाळणे’ हे वर्णनच चुकीचे आहे. १९८३ मध्ये स्टीफन ट्रोकेल यांच्यासह हे तंत्र पारपटलाकडे वळले आणि १९९० च्या सुमारास ग्रीसमधील पल्लिकारिस यांनी लॅसिक पद्धती प्रचारात आणली. तीत पारपटलाचा पातळ पापुद्रा उचलून खालचा भाग लेसरने घडविला जातो व पापुद्रा पूर्ववत बसविला जातो.

पारपटलाची मध्यभागी जाडी सुमारे ५४० मायक्रॉन असते. नंबराच्या प्रत्येक अंकामागे साधारण १२ ते १५ मायक्रॉन थर खर्ची पडतो. पापुद्र्याखाली किमान २५० मायक्रॉन भाग शिल्लक राहिलाच पाहिजे आणि पुष्कळ शल्यविद ३०० चा आग्रह धरतात. ज्याचे पारपटल मुळातच पातळ अथवा शंक्वाकार आहे, त्याचे हे कर्म केल्यास ते पुढे फुगत जाऊन दृष्टी कायमची बिघडू शकते. सारांश, या कर्माचे यश यंत्राइतकेच रुग्णाच्या निवडीवर अवलंबून आहे.

आपणांस हा विचार परका वाटू नये. सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्राच्या सतराव्या अध्यायात कफज लिंगनाशाचे शस्त्रकर्म सांगताना, दोष अर्धचंद्र, घर्मबिंदू वा मोती यांच्या आकाराचा, विषम, वेदनायुक्त अथवा रक्तयुक्त असल्यास वेध करू नये असे स्पष्ट बजावले आहे. शस्त्रसाध्य व्याधीस शस्त्र, औषधसाध्य व्याधीस औषध, आणि अयोग्य रुग्णास नकार हीच आपली परंपरा आहे. तिच्या वारसांनी शस्त्रकर्माचा तिरस्कार करणे शोभत नाही.

तथापि लेसरने काय होत नाही, हेही रुग्णास सांगणे अगत्याचे आहे. बहुतेक निकटदृष्टीत नेत्रगोल लांबट झालेला असतो. लेसर केवळ पारपटलाची वक्रता बदलतो, नेत्रगोल लांबटच राहतो. ताणलेल्या दृष्टिपटलास छिद्र पडण्याचा अथवा ते सुटण्याचा धोका चष्म्याबरोबर जात नाही. चाळिशी टळत नाही. मोतीबिंदू पुढे व्हावयाचा तो होतोच, आणि त्या वेळी बसवावयाच्या भिंगाचे गणित करण्यास शस्त्रकर्मापूर्वीची मापे उपयोगी पडतात. काचबिंदूसाठी मोजलेला नेत्रदाबही लेसरनंतर प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकतो. म्हणून सर्व कागद आयुष्यभर जपावेत, हे आपण रुग्णाच्या मनावर ठसविले पाहिजे.

आता थेंबांच्या हमीविषयी. तर्पणाने अथवा थेंबांनी लांबट नेत्रगोल आखूड होतो, असा पुरावा आपल्यापाशी नाही. १९५४ च्या औषधे व चमत्कारी उपाय कायद्याच्या अनुसूचीत अंधत्व, मोतीबिंदू आणि दृष्टिसंस्थेचे विकार समाविष्ट आहेत, त्यांच्यावरील उपचाराची जाहिरात हा अपराध आहे. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये चाळिशीचा चष्मा घालविण्याच्या प्रसिद्धीमुळे एका ॲलोपॅथिक थेंबाची परवानगी केंद्रीय औषध नियंत्रकांनी स्थगित केली. जे त्यांना लागू, ते आपणांसही लागू.

मग आपले काम कोणते? आमच्या मते ते शस्त्रकर्माच्या आधी आणि नंतर आहे, आणि ते लहान नाही.

आधी रुग्णास चार प्रश्न विचारावेत. वय अठरा पूर्ण आहे काय? वर्षभरात नंबर अर्ध्याहून अधिक बदलला आहे काय? गर्भिणी वा स्तनदा अवस्था आहे काय? डोळे कोरडे पडतात, खुपतात काय? शुष्काक्षिपाकाची लक्षणे असलेल्यास आधी त्याची चिकित्सा करवून घेण्यास सांगावे, कारण लॅसिकमध्ये पारपटलाच्या सूक्ष्म नाड्या छेदल्या जातात व कोरडेपणा कित्येक महिने टिकू शकतो. डोळे सतत चोळणारा आणि तिरकस नंबर वाढत जाणारा तरुण असेल, तर पारपटलाचा नकाशा काढल्याखेरीज त्यास लेसरचा सल्ला कोणीही देऊ नये. भरतीसाठी कर्म करवून घेणाऱ्याने त्या सेवेचे वय, कालावधी व पारपटलाच्या जाडीचे नियम आधी वाचावेत.

नंतरचा नियम एकच आहे. नेत्रतज्ज्ञाच्या लेखी अनुमतीवाचून अशा डोळ्यात मधाचे अंजन, लेखन द्रव्ये, तर्पण वा घरगुती अर्क घालू नयेत. पापुद्रा सरकणे अथवा जंतुसंसर्ग होणे यांस एक दिवसही पुरतो. आहार, निद्रा, पडद्यासमोरील विश्रांती आणि चोळण्याचा निषेध, इतके मार्गदर्शन आपण निःशंक करावे.

औषधी दुकानदारांनी विशेष सावध राहावे. शस्त्रकर्मानंतर दिलेले स्टिरॉइडचे थेंब जुन्या चिठ्ठीवर पुन्हा देऊ नयेत, त्याने नेत्रदाब वाढतो. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेणाऱ्या ग्राहकाने लेसरचा बेत सांगितल्यास, ही गोष्ट नेत्रतज्ज्ञांच्या कानावर घालण्यास सांगावे. नेत्रबिंदू आयुर्वेदीय असो वा अन्य, त्याची निर्जंतुकता हा पहिला गुण होय. २०२३ च्या आरंभी तमिळनाडूत तयार झालेले कृत्रिम अश्रू अमेरिकेत परत मागवावे लागले. त्यांच्याशी जोडल्या गेलेल्या जंतुसंसर्गाने काहींची दृष्टी गेली, काहींचे प्राण गेले. सीलबंद नसलेली, परवाना क्रमांक नसलेली बाटली विकणारा दुकानदार हाच धोका आपल्या गावात आणतो.

ज्या बालकास अद्याप नंबर लागलेला नाही, त्यास दररोज दोन तास उघड्यावर, सूर्यप्रकाशात खेळू द्यावे. त्याने निकटदृष्टी लागण्याची शक्यता घटते, हे आधुनिक संशोधनातूनही दिसून आले आहे. दिनचर्या सांगणारे शास्त्र ज्यांच्या हाती आहे, त्यांनी हे पालकांस सांगण्यात मागे का राहावे?

प्रत्येक सभासदाने आपल्या दुकानातील व चिकित्सालयातील ‘चष्मा घालवा’ हा फलक आजच उतरवावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. त्या जागी ‘नेत्रतपासणीसाठी मार्गदर्शन मिळेल’ इतके लिहिले, तरी रुग्णाचे हित साधेल आणि आयुर्वेदाचा मानही राहील.