पावसाळी मुक्काम आणि कपड्यांचा हिशेब

आषाढ-श्रावणात ज्येष्ठांचे लांब मुक्काम ठरतात. कोणी लेकीच्या बाळंतपणासाठी निघते, कोणी नातवंडांना सोबत म्हणून, तर कोणी शहराच्या गजबजाटातून चार निवांत दिवस मिळावेत म्हणून. मावळात तर अशा पाहुण्यांची या दिवसांत वर्दळच असते. निघण्यापूर्वी औषधांची पिशवी दोनदा तपासली जाते, चष्मा, कवळी, काठी यांची आठवण होते. कपडे मात्र आदल्या संध्याकाळी घाईघाईने भरले जातात. ‘पाच-सहा जोड पुरेत, तिथे धुऊन घालू’ असे म्हणून बॅग बंद होते. या स्तंभात आज त्या ‘तिथे धुऊन घालू’चा विचार करावयाचा आहे, कारण पावसाळ्यात हे वाक्य वाटते तितके सोपे नाही, आणि ते खोटे ठरले की त्याची किंमत ज्येष्ठांची त्वचा, मूत्राशय आणि मनःशांती मोजते.

मावळचा पाऊस आणि दोरीवरचे कपडे

उदाहरणादाखल तळेगाव दाभाडेजवळचे, इंद्रायणीच्या काठचे आंबी हे गाव घेऊ. लोणावळ्याला वर्षाकाठी सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पुणे शहरात सुमारे सातशे. तळेगाव आणि आंबीचा परिसर या दोहोंच्या मध्ये येतो. घाटमाथ्याइतका मुसळधार पाऊस येथे नसला, तरी जुलै-ऑगस्टमध्ये दिवसचे दिवस ऊन दिसत नाही आणि हवा सतत दमट असते. कपडा वाळतो तो त्यातील पाण्याची वाफ होऊन. हवेतच बाष्प भरलेले असेल तर ही वाफ होणार तरी कशी? पातळ पंचा पंख्याखाली कसाबसा वाळतो. पण परकराचा नेफा, बनियनची शिवण, चड्डीचे इलॅस्टिक दोन-दोन दिवस ओलसर राहते. हाताला कपडा कोरडा वाटतो आणि अंगावर चढवला की ओल जाणवते. कुबट वास येऊ लागला असेल, तर त्या कपड्यात जंतूंची वाढ सुरू झाली आहे, असे समजावे.

न बोललेली अडचण

यापुढची अडचण अधिक नाजूक आहे. दुसऱ्याच्या घरी, मग ते पोटच्या लेकीचे का असेना, आपली अंतर्वस्त्रे दोरीवर टाकणे अनेक ज्येष्ठांना संकोचाचे वाटते. जावई, व्याही, येणारे-जाणारे यांच्या देखत ती वाळत घालावीत कशी? खोकताना किंवा शिंकताना थेंबभर लघवी होण्याचा त्रास असेल, तर हा संकोच दुणावतो. मग काही जण कपडे न्हाणीघरातच पिळून तेथेच खुंटीला टांगतात, आणि ते कधीच वाळत नाहीत. काही जण तोच कपडा दोन दिवस वापरतात. आणि पुष्कळ जण सर्वांत घातक मार्ग धरतात: पाणी पिणेच कमी करतात.

पाणी कमी केल्याने लघवीची गळती थांबत नाही. लघवी दाट होते, मूत्राशयाचा दाह वाढतो आणि वारंवार घाईची भावना होते. जोडीला बद्धकोष्ठता, उठताना चक्कर आणि मूत्रमार्गाचा संसर्ग यांची शक्यता वाढते. वयोवृद्धांमध्ये पाणी कमी पडणे किंवा संसर्ग होणे हे कधी कधी केवळ अचानक आलेल्या गोंधळलेपणातून दिसते. ‘आजी आज काहीतरीच बोलताहेत’ एवढेच घरच्यांच्या लक्षात येते. रक्तदाब किंवा हृदयविकारासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणारे काही जण तर प्रवासात आणि परक्या घरी ती गोळीच परस्पर टाळतात. असे कदापि करू नये. गोळीची वेळ बदलता येईल का, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. पाण्याचे प्रमाण डॉक्टरांनी मर्यादित करून दिले असेल तर ते पाळावे. इतरांनी नेहमीइतके पाणी प्यावे. बॅगेत पुरेसे कोरडे कपडे असले, तर पाण्याचा पेला बाजूला सारण्याचे एक मोठे कारण नाहीसे होते.

ओलीचे त्वचेवरील परिणाम

वाढत्या वयात त्वचा पातळ व कोरडी होते आणि तिची झीज भरून येण्यास वेळ लागतो. जांघा, काखा, स्तनांखालचा भाग, पोटाच्या वळ्या, बोटांच्या बेचक्या या ठिकाणी त्वचेला त्वचा लागून असते. तेथे ओल टिकली की त्वचा पांढरट व मऊ पडते, सोलवटते आणि बुरशीला आयते घर मिळते. मधुमेह असल्यास हा धोका वाढतो. खाज सुटली की औषधाच्या दुकानातून ‘एखादे चांगले मलम’ आणण्याची आपल्याकडे सवय आहे. अशा अनेक मिश्र मलमांत स्टिरॉइड असते. त्याने दोन दिवस खाज थांबते. बुरशी मात्र आत पसरत राहते आणि पुढे साध्या औषधांना दाद देत नाही. म्हणून डॉक्टरांना दाखविल्याशिवाय मलम लावू नये.

दुसरा परिणाम थंडीचा. ओला कपडा शरीराची उष्णता कोरड्या कपड्यापेक्षा कितीतरी वेगाने खेचून घेतो. तरुण माणूस कुडकुडतो आणि कपडे बदलतो. वृद्धांमध्ये ही कुडकुडण्याची प्रतिक्रियाच मंदावलेली असते, त्यामुळे अंग गार पडत आहे हे त्यांना उशिरा जाणवते.

एकवीस दिवसांचा हिशेब

आता प्रत्यक्ष बॅगेकडे वळू. समजा, पुण्यातील सत्तरी ओलांडलेल्या, नियमित साडी नेसणाऱ्या एक आजी आंबीला लेकीकडे एकवीस दिवसांसाठी निघाल्या आहेत आणि तेथे धुण्याचा प्रसंग शक्यतो येऊ नये अशी त्यांची इच्छा आहे. कपडे ‘जोड’ म्हणून मोजले की हिशेब चुकतो. त्वचेला किती चिकटतो यावरून प्रत्येक कपडा मोजावा.

१. अंतर्वस्त्रे: दिवसाला एक, अधिक पावसासाठी एक-तृतीयांश जादा. एकवीस दिवसांना अठ्ठावीस. वजन साधारण दीड किलो. गळतीचा त्रास असल्यास संख्या दुप्पट धरावी, किंवा वापरून टाकावयाचे पॅड सोबत घ्यावेत.

२. परकर व ब्लाऊज: दोन दिवसांना एक, म्हणजे प्रत्येकी अकरा. दोन्हींचे मिळून साडेतीन किलो.

३. साड्या: त्वचेशी त्यांचा संबंध कमी. तीन दिवसांना एक याप्रमाणे सात. हलक्या सुती किंवा मिश्र धाग्याच्या. सव्वातीन किलोच्या आसपास.

४. रात्रीचे गाऊन: सात. सुमारे दोन किलो.

५. पातळ पंचे चार, पायमोज्यांचे सात जोड, एक स्वेटर, एक शाल. एकूण पावणेदोन किलो.

ही बेरीज बारा किलोच्या घरात जाते. आजोबांची बॅग भरताना हाच नियम लावावा: बनियन आणि चड्डी पहिल्या गटात, पायजमा दुसऱ्या, सदरे व शर्ट दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये.

बारा किलो हे ओझे ज्येष्ठांनी स्वतः उचलण्याचे नव्हे. पुणे-लोणावळा लोकलमधून तळेगावला उतरताना गाडी क्षणभरच थांबते. एका हातात जड बॅग आणि दुसऱ्या हातात दांडा, ही पडण्याची तयारीच आहे. सामान दोन बॅगांत विभागावे आणि मोठी बॅग आधी कोणाबरोबर तरी पोहोचती करावी. ज्येष्ठांच्या खांद्याला फक्त एक दिवसाचे कपडे, औषधे आणि पाण्याची बाटली असलेली लहान पिशवी असावी. बॅग भरल्यावर घरच्या वजनकाट्यावर ठेवून पाहावी. अंदाज बहुधा कमीच निघतो.

काळजी घेणाऱ्यांसाठी एक सूचना: प्रत्येक दिवसाची अंतर्वस्त्रे, परकर किंवा पायजमा आणि पंचा यांची एकत्र गुंडाळी करून ठेवावी. स्मरणशक्ती मंदावलेल्या व्यक्तीला कपाट उघडून निवड करावी लागत नाही, आणि एखादी गुंडाळी उरली तर कपडे बदलले गेले नाहीत हे कोणी न विचारता कळते.

वारकऱ्याचे उदाहरण

येथे कोणी म्हणेल, वारकरी तर दोन-तीन जोडांवर पंढरपूर गाठतो. आपल्याला अठ्ठावीस नग कशाला? प्रश्न रास्त आहे, आणि तुकोबांचे देहू आंबीपासून दूर नाही. ज्येष्ठ वद्य सप्तमीला तेथून पालखी निघते आणि आषाढी एकादशीला पंढरीत असते. वारकरी रोज धुतो आणि रोज वाळवतो. पालखी पुणे सोडून यवत, बारामती, इंदापूर अशी पूर्वेला सरकते, तसा पाऊस उणावतो आणि वारा-ऊन वाढते. सकाळी धुतलेले पातळ धोतर किंवा लुगडे मुक्कामावर सहज वाळते. सर्वांनी एकाच ठिकाणी धुणे वाळत घातल्यावर संकोचही उरत नाही. मावळातील बंद खिडकीच्या खोलीत यांतले काहीच नसते. वारकऱ्याकडून घ्यावयाचा धडा आहे तो कपड्याच्या निवडीचा: पातळ, सैल, लवकर वाळणारा, अंगवळणी पडलेला.

निवडताना पाहावयाच्या गोष्टी

प्रवासासाठी नवे कपडे आणू नयेत. जुना, अनेकदा धुतलेला सुती कपडा मऊ असतो आणि टोचत नाही. गाऊन व पायजमा घोट्याच्या वर असावा. ओल्या फरशीवर लोळणारा काठ पाय अडकवतो. परकराची नाडी बारीक गोल नसावी, रुंद पट्टीची असावी आणि सैल बांधावी. नाडी वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट आवळल्याने कमरेवर न भरणारी जखम होऊन तिचे कर्करोगात रूपांतर झाल्याच्या दोन स्त्रियांची नोंद वर्धा आणि मधुबनी येथील डॉक्टरांनी २०२४ मध्ये केली. असे प्रसंग अगदी विरळा असतात, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. परंतु कमरेवर काळा वळ, खाज किंवा चिघळलेली जागा असेल तर दाखवून घ्यावी.

चपलांचे दोन जोड हवेत, म्हणजे एक वाळत असताना दुसरा वापरता येतो. मधुमेहींनी पावसाच्या साचलेल्या पाण्यात अनवाणी जाऊ नये. पायाला बारीकशी जखम असेल तर त्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचाही धोका असतो. रात्री बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या कराव्यात आणि तळवे पाहावेत किंवा दुसऱ्याला पाहावयास सांगावे.

वापरलेल्या कपड्यांचे काय?

‘धुणे नको’ म्हणजे वापरलेले कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून ठेवणे नव्हे. घामाने दमट झालेला कपडा बंद पिशवीत एकवीस दिवस राहिला तर त्यावर बुरशीचे काळे ठिपके उठतात आणि ते पुढे निघत नाहीत. उतरवलेला कपडा रात्रभर पंख्याखाली पसरावा आणि मग सुती पिशवीत ठेवावा. लघवी किंवा शौचाने ओला झालेला कपडा मात्र त्याच दिवशी धुवावा. येथे संकोचाला जागा नाही. धुतलेला कपडा जाड पंच्यात गुंडाळून पिळल्यास निम्मे पाणी तेथेच उतरते. अर्धवट वाळल्यावर दोन्ही बाजूंनी, विशेषतः शिवणींवर, गरम इस्त्री फिरवावी. झोपण्याच्या खोलीत कपडे वाळवणे टाळावे. त्याने खोलीतील दमटपणा वाढतो आणि दम्याच्या रुग्णांना त्रास होतो.

यजमान मंडळींनी पाहुणे येण्यापूर्वी त्यांच्या न्हाणीघराजवळ, इतरांची नजर जाणार नाही अशा जागी, एक छोटी दोरी बांधून ठेवावी आणि पहिल्याच दिवशी सहज दाखवावी. ‘काही लागले तर सांगा’ या वाक्याने ज्येष्ठ सांगत नाहीत. ‘ही दोरी तुमची, पंखा इथून लागतो’ असे म्हटले की विचारण्याची वेळच येत नाही.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

जांघेत किंवा वळ्यांत लाली, खाज, चिरा वा दुर्गंधी. लघवी करताना जळजळ किंवा रक्त. ताप आणि अंगदुखी. पायावर न भरणारी जखम. अचानक गोंधळलेपणा किंवा नेहमीपेक्षा फार झोप: यांपैकी काहीही दिसल्यास मुक्काम संपण्याची वाट पाहू नये. मुक्कामाच्या गावाजवळचा दवाखाना कोणता, हे बॅग भरण्याच्या दिवशीच विचारून चिठ्ठीवर लिहावे आणि ती चिठ्ठी औषधांच्या पिशवीत ठेवावी.

बॅग भरायला बसाल तेव्हा पहिल्यांदा अंतर्वस्त्रे मोजा आणि साड्या-सदरे शेवटी. जागा कमी पडली तर एक साडी काढून ठेवा. तीच साडी दोनदा नेसली तर कोणाचे काही बिघडत नाही. अंगालगतचा कपडा मात्र रोज कोरडा हवा.