आत पाहिल्याखेरीज सही नाही

नरडाण्यास माझ्या थोरल्या बहिणीचे घर आहे. भाऊजींची धान्याची आडत तीन पिढ्यांची. गेल्या दिवाळीत वहीपूजनास गेलो असता दुकानी आलेल्या एका पाहुण्यांनी विचारले, "चिरंजीव सध्या काय करतात?" भाऊजी क्षणभर थांबून म्हणाले, "नागपूरला असतो. विमानांच्या इंजिनांचे काम करतो." "म्हणजे मेकॅनिकच ना?" पाहुणे म्हणाले. भाऊजींनी वहीत डोके घातले. पाहुणे उपवर कन्येचे वडील होते, हे येथे सांगितले पाहिजे.

भाचा घरीच होता. सायंकाळी त्याला गच्चीवर घेऊन बसलो आणि म्हटले, "मी एम.कॉम.चा माणूस. मला समजेल असे सांग, तू नेमके करतोस काय?"

त्याचे पद सपोर्ट इंजिनिअरचे. इंजिन उघडणारे, जोडणारे तंत्रज्ञ निराळे आणि काम पूर्ण झाल्यावर विमान उड्डाणास योग्य असल्याची सही करणारे परवानाधारक अभियंतेही निराळे. बारावीला भौतिक, रसायन व गणित घेऊन, मान्यताप्राप्त संस्थेतील अभ्यासक्रम, प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या परीक्षा या मार्गाने तो परवाना मिळतो. भाचा मात्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन या विभागात गेला. इंजिनाच्या तपमानाचे व कंपनाचे आकडे पाहून ते केव्हा उतरवावे हे सुचविणे, तपासणीत दोष आढळला तर तो निर्मात्याच्या पुस्तकातील मर्यादेत बसतो का हे ठरविणे, पुस्तकात उत्तर नसेल तर निर्मात्याशी पत्रव्यवहार करणे, हे त्याचे काम. सही दुसऱ्याची असते, परंतु ती याच्या लेखी अभिप्रायावर उभी असते.

आपल्याकडे ही विद्या नवी नाही. नरडाण्यावरून जाणारा मुंबई-आग्रा रस्ता पुढे नाशिकजवळच्या ओझरवरून जातो. तेथे १९६४ मध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा मिग विमानांचा कारखाना स्थापन झाला. त्या विमानांची इंजिने मात्र ओडिशातील कोरापुटला होत. प्रवासी विमानांसाठी नागपूरच्या मिहानमध्ये बोईंगने उभारलेले देखभाल केंद्र २०१५ मध्ये सुरू झाले. बोईंग ७७७-३०० ईआरला बसणाऱ्या जीई-९० इंजिनाच्या पुढच्या पंख्याचा व्यास सव्वातीन मीटर, म्हणजे आमच्या आडतीचे शटर त्यापुढे लहान.

अशा इंजिनाच्या पोटात जळालेल्या वायूचे तपमान, ज्या धातूची पाती त्यात फिरतात त्या धातूच्या वितळणबिंदूहूनही अधिक असते. पाती वितळत नाहीत, कारण ती आतून पोकळ असतात व त्यांच्या अंगावरील बारीक छिद्रांतून त्या मानाने थंड हवा सतत वाहत राहते. ती छिद्रे बुजली तर पाते भाजते, तडकते. हे पाहण्यासाठी दर वेळी इंजिन खोलत नाहीत. कवचावरील एका लहान भोकातून बोरोस्कोप नावाची, टोकाशी कॅमेरा असलेली नळी आत सोडतात, चक्र हाताने हळूहळू फिरवतात आणि पडद्यावर एकेक पाते पाहतात. एकही वगळून चालत नाही.

"समोरची दहा चांगली दिसली तर बाकीची तशीच असतील, असे धरायचे नाही, मामाजी," तो सहज म्हणाला. मी मात्र गप्प झालो.

नव्वदच्या दशकात एका शाखेत असताना माझ्याकडे गोदाम तपासणीचे काम होते. एका कर्जदाराच्या पत्रकात सरकीची आठशे पोती होती. उन्हाळा होता, घाई होती. पुढच्या रांगा मोजल्या, खोली अंदाजली, गुणाकार केला आणि नोंदवहीत सही केली. गुणाकार बरोबर होता. पुढे खाते बुडीत निघाले तेव्हा मागच्या रांगांतील पोत्यांत भुसा निघाला. माझ्याकडून खुलासा मागविला गेला, पगारवाढ थांबली. ही गोष्ट मी घरात कधी बोललो नव्हतो. त्या दिवशी भाच्याला सांगितली.

एव्हाना भाऊजीही वर येऊन बसले होते. त्यांना रस वाटला तो हिशेबात. इंजिनातील फिरत्या चकत्यांचे आयुष्य उड्डाणांच्या संख्येत ठरलेले असते. ती संख्या भरली की दिसायला धडधाकट असलेली चकतीही काढून टाकतात. म्हणून चकती कारखान्यातून निघाल्यापासून कोणत्या इंजिनात, किती उड्डाणे फिरली याची अखंड नोंद लागते. मधलीच नोंद गहाळ असेल तर तो भाग विमानात बसवीत नाहीत.

"म्हणजे खतावणी हरवली की माल भंगार!" भाऊजी म्हणाले. आपल्या मुलाच्या धंद्याविषयी त्यांनी आपणहून बोललेले ते पहिले वाक्य असावे.

खोट्या खतावण्या तिथेही असतात. २०२३ मध्ये लंडनच्या एओजी टेक्निक्स या व्यापारी कंपनीने बनावट प्रमाणपत्रांसह इंजिनांचे सुटे भाग विकल्याचे उघडकीस आले आणि अनेक देशांतील विमान कंपन्यांना आपली इंजिने तपासावी लागली. सुरुवात झाली ती पोर्तुगालच्या टॅप कंपनीत. एक लहानसा भाग कागदोपत्री नवा, पण त्यावर वापराच्या खुणा, हे तेथील अभियंत्यांच्या लक्षात आले. कागदाशी माल ताडून पाहणारे कोणीतरी होते, म्हणून.

काम संपल्यावर हत्यारेही मोजतात. प्रत्येक पान्याची जागा फळीवर आखलेली असते. एक पाना कमी भरला तर तो सापडेपर्यंत विमान सोडत नाहीत. बँकेत रोकड जुळली नाही की आम्हीही रात्री दहापर्यंत बसत असू, ते आठवले. बहिणीची चिंता निराळीच होती. रात्रपाळीत चौविहाराचे काय? सूर्यास्तापूर्वी डबा खाऊनच कामावर जातो, असे त्याने सांगितल्यावर तिचे समाधान झाले. अर्थात पूर्ण नाही.

दोन दिवसांनी तो निघाला. भुसावळला गाडी बदलून नागपूर. एरवी दुकान सोडून न हलणारे भाऊजी या वेळी स्टेशनवर आले. फलाटावर बराच वेळ काही बोलले नाहीत. गाडीचा दिवा दिसू लागल्यावर त्यांनी विचारले, "पात्याला तडा गेला, तर केवढा चालतो रे?"

"जागेवर अवलंबून आहे, पप्पा. काही ठिकाणी एवढा," त्याने करंगळीचे नख दाखविले, "आणि काही ठिकाणी मुळीच नाही."

भाऊजींनी त्याची बॅग उचलून डब्यात ठेवली.