हाताचे मोजमाप आणि माणसाचा हक्क

पक्षाघाताने लुळा पडलेला हात पुन्हा कामाला लागतो आहे की नाही, याचा निवाडा आजवर मुख्यत्वे उपचारतज्ज्ञाच्या नजरेवर सोपविला गेला आहे. १९७५ साली प्रसिद्ध झालेली आणि अद्याप प्रमाण मानली जाणारी फ्यूगल-मायर चाचणी बाहूच्या व हाताच्या हालचालींना शून्य, एक किंवा दोन असे गुण देऊन ६६ गुणांत त्यांचा हिशेब मांडते. परंतु ‘अंशतः जमते’ अशा एका गुणाच्या पोटात, बोट जेमतेम हलविणाऱ्यापासून पेला जवळजवळ उचलणाऱ्यापर्यंत, इतक्या भिन्न अवस्था सामावतात की, महिनाभर नेटाने व्यायाम करणाऱ्या रुग्णाची प्रगती कित्येकदा दप्तरी रुजूच होत नाही.

ही उणीव संवेदक बसविलेला हातमोजा पुष्कळ अंशी भरून काढू शकतो. वाकल्याने ज्यांचा विद्युत्रोध बदलतो अशा पट्ट्या त्यात बोटांच्या सांध्यांवरून नेलेल्या असतात. काही मोज्यांत गती टिपणारी सूक्ष्म साधने व बोटांच्या टोकांशी दाब मोजणारे संवेदकही असतात. कोनमापकाने एकेक सांधा स्थिर धरून मोजावा लागतो. हा मोजा मात्र चालत्या हाताचा वेग, कंप आणि बोटे उघडण्याचा क्रम यांची अखंड नोंद ठेवतो. अशा साधनाचे स्वागतच केले पाहिजे.

तथापि त्याच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. ताठरतेने मूठ आवळलेल्या हातावर मोजा चढविणे हेच दिव्य असते, आणि तो किंचित सरकला तरी आकडा फसवा ठरतो. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, बोटाला स्पर्श कळतो की नाही, हे वाकण्याच्या कोनावरून समजत नाही. वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोगाने वाकड्या झालेल्या बोटांना स्नायुबंधांचे स्थानांतर करून हालचाल मिळवून दिली. पण त्या हातांची गेलेली संवेदना परतत नसल्यामुळे, चांगले चालणारे बोटही नकळत भाजत वा चिरडत असे.

म्हणून माझा आग्रह असा की, या मोज्याचा आकडा उपचाराला दिशा देण्यासाठी वापरावा; हक्काचा निकाल त्याच्यावर लावू नये. कामगारांच्या नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्याची अनुसूची अंगठा गमावणे म्हणजे कमाईच्या क्षमतेची ३० टक्के हानी असे ठरवीत होती, मग तो अंगठा शिंप्याचा असो वा पहारेकऱ्याचा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यान्वये अनेक सवलतींचा उंबरठा ४० टक्क्यांवर आहे. अशा व्यवस्थेत यंत्राचा आकडा शिरला, तर ‘सांधा वाकतो, सबब अपंगत्व कमी’ असा शेरा मारणे सोपे होईल, आणि ज्याला सदऱ्याचे बटणही लावता येत नाही, त्याचा दाखला नामंजूर होईल.

तेव्हा जिल्हा रुग्णालयांत हे साधन पुरविताना शासनाने तीन गोष्टींची तजवीज हुकुमानेच करावी: प्रत्येक नोंद केसपेपरला जोडून तिची नक्कल रुग्णाला द्यावी, स्पर्शज्ञानाची तपासणी स्वतंत्रपणे व्हावी, आणि अपंगत्वाची टक्केवारी ठरविण्यापूर्वी तो माणूस आपले रोजचे काम कसे करतो, हे व्यवसायोपचारतज्ज्ञाने समक्ष पाहिल्यावाचून दाखल्यावर सही होऊ नये. हात कितपत हलतो हे यंत्राने जरूर सांगावे. त्या हातावर संसार चालू शकतो काय, याचे उत्तर देण्याची जबाबदारी मात्र सही करणाऱ्या माणसाचीच राहिली पाहिजे.