बालीतील बाणा आणि मोखाड्यातील ताट

डिसेंबर २०१३ मध्ये इंडोनेशियातील बाली येथे जागतिक व्यापार संघटनेची नववी मंत्रिपरिषद भरली. भारताचे तत्कालीन वाणिज्यमंत्री आनंद शर्मा यांनी तेथे जमलेल्या बड्या राष्ट्रांना स्पष्ट शब्दांत बजावले की, अन्नसुरक्षा हा भारताच्या दृष्टीने देवघेवीचा विषयच नव्हे. अमेरिकेच्या नाराजीची पर्वा न करता एका विकसनशील देशाच्या मंत्र्याने जागतिक व्यासपीठावर घेतलेली ही भूमिका योग्य होती. तथापि तिचे मोल केवळ टाळ्यांवरून ठरवता येणार नाही. ज्यांच्या नावाने ती घेतली गेली, त्यांच्या ताटात पुढे काय पडले, हीच तिची खरी कसोटी होय. महाराष्ट्रात ही कसोटी लावण्यास जव्हार-मोखाड्याइतके योग्य स्थळ दुसरे नाही.

महासत्तेला खडे बोल सुनावण्याची किंमत काय असते, हे या देशाने एकदा अनुभवले आहे. १९६५ आणि १९६६ या लागोपाठच्या दोन वर्षांत पावसाने दगा दिला आणि १९६६ मध्ये भारताला एक कोटी टनांहून अधिक धान्य आयात करावे लागले. त्यातील मोठा हिस्सा पी. एल. ४८० या कायद्याखाली अमेरिकेतून येत होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नवी दिल्लीत इंदिरा गांधी, टिटो व नासर यांची त्रिपक्षीय परिषद झाली आणि उत्तर व्हिएतनामवरील बाँबवर्षाव बिनशर्त थांबवावा, अशी मागणी तिने केली. अध्यक्ष जॉन्सन यांना भारताची ही भूमिका मुळीच रुचत नव्हती. गव्हाची मंजुरी त्यांनी एकेका महिन्याच्या हिशेबाने अडवून धरली. जहाज बंदराला लागावे आणि धान्य थेट रेशनच्या दुकानात जावे, अशी त्या काळची अवस्था होती. रेशनवर मिळणारा तांबडा मिलो महाराष्ट्राच्या जुन्या पिढीच्या आठवणीतून अद्याप गेलेला नाही. ज्याचे कोठार परक्याच्या हाती, त्याच्या जिभेलाही परक्याचा लगाम असतो, हा धडा देशाने तेव्हा घेतला. हमीभाव, सरकारी खरेदी आणि गोदामे ही व्यवस्था त्याच धड्यातून उभी राहिली.

बालीतील वाद याच व्यवस्थेविषयी होता. व्यापार संघटनेच्या शेतीविषयक करारानुसार, सरकारने शेतकऱ्याला दिलेला आधार त्या पिकाच्या एकूण उत्पादनमूल्याच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक असता कामा नये. वरकरणी नियम निरुपद्रवी दिसतो. परंतु हा आधार मोजताना आजचा हमीभाव ज्या किमतीशी ताडून पाहायचा, ती १९८६-८८ या काळातील किंमत आहे. मधल्या वर्षांतील महागाई जमेस धरलीच जात नाही. नांगराचा, खताचा, मजुरीचा खर्च वाढला म्हणून वाढविलेला भावही त्यामुळे कागदोपत्री ‘अनुदान’ ठरतो. उलटपक्षी अमेरिकेसारख्या श्रीमंत देशांनी आपल्या मदतीची अशी वर्गवारी करून घेतली आहे की, तिच्यातील मोठा भाग ‘व्यापारात बाधा न आणणारा’ म्हणून मर्यादेच्या बाहेर राहतो. दांडपट्टा एकाच्या हाती आणि नियमांचे पुस्तक दुसऱ्याच्या, असा हा सामना आहे.

बालीत भारताला मिळाले ते ‘शांतता कलम’. कायमस्वरूपी तोडगा निघेपर्यंत अशा सरकारी साठ्यांविरुद्ध कोणी तक्रार नेऊ नये, एवढाच त्याचा आशय. पुढे २०१४ च्या जुलैत नव्या सरकारनेही व्यापार सुलभतेचा करार रोखून धरला आणि नोव्हेंबरमध्ये हे संरक्षण तोडगा निघेपर्यंत कायम राहील असा खुलासा पदरात पाडून घेतला. दोन भिन्न पक्षांच्या सरकारांनी एकच भूमिका घ्यावी, ही समाधानाची बाब होय. मात्र २०१७ च्या ब्युनोस आयर्स परिषदेत तोडगा निघाला नाही, २०२४ च्या अबुधाबी परिषदेतही निघाला नाही. दरम्यान, २०१८-१९ मध्ये तांदळाच्या बाबतीत दहा टक्क्यांची मर्यादा ओलांडली गेल्याचे भारताला कळवावे लागले आणि या कलमाचा आश्रय घ्यावा लागला. धोका काल्पनिक नाही, हे यावरून दिसते.

आता मोखाड्याकडे वळावे. ज्या १९८६-८८ च्या किमतींना भारत आज आक्षेप घेतो, त्या डंकेल मसुद्यात १९९१ च्या डिसेंबरात लिहिल्या गेल्या. त्यानंतर वर्ष उलटण्याच्या आत, १९९२ मध्ये, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. मुख्यमंत्र्यांना तेथे जावे लागले, योजना जाहीर झाल्या, अधिकारी नेमले गेले. २०१४ च्या ऑगस्टमध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला. तरीही २०१६ मध्ये मोखाडा तालुक्यातील कुपोषित बालकांच्या मृत्यूंनी पुन्हा वर्तमानपत्रांचे रकाने भरले. हे मृत्यू धान्य नव्हते म्हणून झाले काय? मुळीच नाही. २००२ च्या सुमारास सरकारी गोदामांत सहा कोटी टनांहून अधिक साठा होता आणि सरकार त्यातील धान्य सवलतीच्या दराने निर्यात करीत होते. कोठार भरले, परंतु कोठार आणि चूल यांमधील वाट तयार झाली नाही.

ही वाट कोठे तुटते, हे पाहण्यासारखे आहे. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. त्याखाली प्राधान्य कुटुंबातील माणशी पाच किलो व अंत्योदय कुटुंबास पस्तीस किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. हे थोडे नव्हे. परंतु ते धान्य म्हणजे मुख्यतः तांदूळ आणि गहू. मुलाचे वजन नुसत्या भाताने वाढत नाही. त्याला डाळ, तेल, अंडे, दूध लागते. दुसरे असे की, दिवाळी सरली की मोखाड्यातील अनेक पाडे ओस पडू लागतात. कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी, वसई, कल्याणकडे वीटभट्ट्यांवर निघून जातात. शिधापत्रिका गावच्या दुकानाशी आणि तान्ह्या मुलाचे नाव गावच्या अंगणवाडीशी बांधलेले. माणसे मात्र भट्टीवर. कायद्याने शिधा आता कोठेही घेता येतो. तो भट्टीवरच्या झोपडीत पोहोचला की नाही हे पाहणारे मात्र कोणी नसते.

तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. मोखाड्याच्या डोंगरउतारावर पिकते ती नागली आणि वरई. यांपैकी नागली केंद्राच्या हमीभावाच्या यादीत आहे, वरई नाही. भात खरेदी करणारे आदिवासी विकास महामंडळ या भागात आहे; मग तीच यंत्रणा नागली-वरई पुरेशा भावाने घेऊन त्याच तालुक्याच्या अंगणवाड्यांना व आश्रमशाळांना का देऊ शकत नाही? शेतकऱ्याला घरी दाम मिळेल, मुलाला ओळखीचे व कसदार अन्न मिळेल आणि स्थलांतराला थोडा तरी आळा बसेल.

येथेच बाली आणि मोखाडा यांची गाठ पडते. बालीचे शांतता कलम त्या निर्णयाच्या दिवशी चालू असलेल्या साठा योजनांपुरतेच आहे. उद्या वरईसारख्या पिकासाठी मोठ्या प्रमाणावर नवी खरेदी योजना आखली, तर तिला या कलमाचे छत्र मिळेल काय, असा प्रश्न उभा राहू शकतो. म्हणूनच तात्पुरत्या कलमावर समाधान मानून चालणार नाही. नव्या योजनांनाही संरक्षण देणारा कायम तोडगा मिळेपर्यंत भारताने आवाज खाली आणता कामा नये.

परंतु बाहेर चढविलेला आवाज घरात उतरता कामा नये, हेही तितकेच खरे. बलाढ्याने नियम करावेत आणि दुर्बलाने ते पाळावेत, ही रीत जिनिव्हातच चालते असे नाही. वैतरणेच्या खोऱ्यातील धरणांचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात मोखाड्याच्या पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. वॉशिंग्टनने दिल्लीशी जसे वागू नये असे दिल्ली म्हणते, तसे मुंबईने मोखाड्याशी वागू नये, असे म्हणण्याचा अधिकार मोखाड्याला आहे की नाही? दिल्लीच्या मंत्र्याला जागतिक परिषदेत जे स्थान हवे, ते मोखाड्याच्या ग्रामसभेला मंत्रालयात हवे.

स्वाभिमानी परराष्ट्र धोरण गोदामावर उभे राहते, हे १९६६ ने शिकविले. नुसते गोदाम पुरत नाही, हे वावर-वांगणीने शिकविले. पहिला धडा देशाने गिरवला. दुसरा गिरवण्यासाठी कोणत्याही महासत्तेची परवानगी लागत नाही. आणि म्हणूनच तो न गिरवल्याचा दोषही कोणत्या महासत्तेच्या माथी मारता येणार नाही.