हमालाची वेदना आणि औषधाचे वजन

पुण्याच्या मार्केट यार्डात वजनावाचून काहीही हलत नाही. गूळ, ज्वारी, कांदा, बटाटा, सारे काट्यावर चढते. तोलणाराची तोलाई ठरलेली असते आणि हमालाची हमालीही. मात्र ज्या शरीरावर हा सारा बाजार उभा आहे, त्या शरीराचे वजन कोणी विचारत नाही. हेच शरीर झिजून शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोहोचते, तेव्हाही ते काट्यावर चढेलच याची खात्री नसते. काट्यावर चढले नाही तर औषधाची मात्रा अंदाजाने ठरते. शस्त्रक्रियेनंतर शिरेतून दिल्या जाणाऱ्या वेदनाशामकांचा सुरक्षित वापर हा विषय वरकरणी निव्वळ वैद्यकीय वाटतो. वस्तुतः त्यात श्रमिकाच्या जीविताचा आणि प्रतिष्ठेचा प्रश्न गुंतलेला आहे, आणि म्हणूनच तो डॉक्टरांवर सोपवून कामगार चळवळीला मोकळे होता येणार नाही.

पाठीवरच्या ओझ्याचा इतिहास

१९५० च्या दशकात नाना पेठेत दवाखाना चालविणाऱ्या बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली, हा योगायोग नव्हता. हमालाचे दुखणे आणि हमालाची मजुरी या दोन निरनिराळ्या गोष्टी नाहीत, हे दवाखान्यात बसणाऱ्या माणसाला लवकर कळते. पुढे १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा झाला, मंडळे स्थापन झाली आणि मालकांकडून लेव्ही वसूल होऊ लागली. शंभर किलोचे पोते पन्नास किलोवर आणण्यासाठी हमाल संघटनांना दीर्घकाळ झगडावे लागले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ सालीच प्रौढ पुरुषाने वाहावयाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो असावी, अशी शिफारस केली होती. या लढ्याचा गाभा साधा होता. माणसावर काय लादायचे याला माप असले पाहिजे, आणि ते माप ठरविण्यात त्या माणसाचा आवाज असला पाहिजे.

तरीही वर्षानुवर्षे ओझे वाहिल्याची किंमत शरीर मोजतेच. हर्निया, मणक्यातील सरकलेली चकती, घासून गेलेले गुडघे आणि थप्पी कोसळून मोडलेले हाडही हमालाच्या वाट्याला येते. यांपैकी अनेकांचा शेवट शस्त्रक्रियेत होतो. सरकारी योजनेतून, धर्मादाय रुग्णालयाच्या राखीव खाटेवर, ससूनसारख्या सार्वजनिक रुग्णालयात किंवा कर्ज काढून खाजगी नर्सिंग होममध्ये ती होते. शस्त्रक्रिया झाली की घरचे लोक निःश्वास सोडतात. परंतु पुढचे दोन दिवस आणि विशेषतः पहिली रात्र हा स्वतंत्र जोखमीचा काळ असतो, याची जाणीव फार थोड्यांना असते.

सोसण्याचे कौतुक

हमाल सोसणारा गडी आहे, त्याला एवढ्याने काय होते, ही समजूत रुग्णालयातही माणसाचा पिच्छा सोडत नाही. हमाल स्वतःही तिला बळी पडतो. कण्हणे त्याला कमीपणाचे वाटते. परंतु न शमविलेली वेदना म्हणजे मर्दुमकी नव्हे. पोटावर टाके असलेला रुग्ण दुखते म्हणून खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, उठून चालत नाही. छातीत कफ साचतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते. पायाच्या शिरांत रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो. हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर महिनोन् महिने टिकणारे दुखणे वैद्यकशास्त्राला परिचित आहे, आणि पहिल्या दिवसांतील तीव्र, दुर्लक्षित वेदना त्याची शक्यता वाढविते. ज्याची रोजी पाठीवर चालते त्याच्या दृष्टीने टिकाऊ दुखणे म्हणजे टिकाऊ बेकारी होय. तेव्हा वेदनाशमन हा उपचाराचाच भाग आहे. ते मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे, आणि ते सुरक्षितपणे मिळणे हा त्याच हक्काचा दुसरा अर्धा भाग आहे.

पन्नास किलोची रेघ

शिरेतून दिल्या जाणाऱ्या औषधांत आज सर्वांत सरसकट वापरले जाणारे औषध म्हणजे पॅरासिटामॉल. शंभर मिलिलिटरच्या बाटलीत त्याचे एक ग्रॅम असते आणि ती साधारण पंधरा मिनिटांत चढवितात. साधे, घरोघरी ठाऊक असलेले औषध म्हणून त्याच्याविषयी कोणी सावध नसते. परंतु शरीराचे वजन ५० किलोपेक्षा अधिक असेल तरच एका वेळी पूर्ण एक ग्रॅम आणि दिवसाला चार ग्रॅमची कमाल मर्यादा लागू होते. त्याखालच्या माणसाला किलोमागे १५ मिलिग्रॅम एवढीच मात्रा द्यावयाची असते, आणि युरोपात प्रमाण मानलेल्या मर्यादेप्रमाणे दिवसाकाठी किलोमागे ६० मिलिग्रॅमच्या पुढे जावयाचे नसते.

हा हिशेब मार्केट यार्डाच्या भाषेत मांडून पाहावा. ४४ किलो वजनाच्या हमालाला एका वेळी ६६० मिलिग्रॅम, म्हणजे बाटलीतील ६६ मिलिलिटर पुरे. दिवसाची मर्यादा २,६४० मिलिग्रॅम. त्याला दिवसातून चार वेळा अख्खी बाटली चढविली तर ४,००० मिलिग्रॅम, म्हणजे मर्यादेच्या दीडपट औषध जाते. अर्धपोटी राहणाऱ्याच्या किंवा दारूने आधीच पोळलेल्या यकृताला हा भार झेपेलच असे नाही. त्यात घरच्यांनी पिशवीतली पॅरासिटामॉलची गोळी प्रेमाने दिली, तर एकच औषध दोन दारांनी शरीरात शिरते. पाठीवरचे पोते पन्नास किलोचे करून घेणाऱ्या चळवळीने पन्नास किलोची ही दुसरी रेघही तितकीच ओळखली पाहिजे. अख्खी बाटली रिकामी करणे सोपे असते, हिशेब करून दोन तृतीयांश देण्याला माणूस लागतो.

डायक्लोफेनॅक आणि केटोरोलॅक या औषधांची गोष्ट वेगळी आहे. कंबर दुखते म्हणून औषधांच्या दुकानातून याच जातीच्या गोळ्या घेऊन काम रेटणारे हमाल कमी नाहीत. जठराला व्रण असलेल्या, मूत्रपिंड अशक्त असलेल्या किंवा शरीरातील पाणी आटलेल्या माणसाला ही औषधे घातक ठरू शकतात. रक्तस्राव आणि मूत्रपिंड निकामी होणे हे त्यांचे ज्ञात धोके आहेत. केटोरोलॅक तर एकूण पाच दिवसांपलीकडे द्यावयाचे नसते. रुग्ण आधी काय घेत होता, हे कोणी विचारले नाही आणि त्याने सांगितले नाही, तर उत्तम डॉक्टरही अंधारातच औषध लिहितो.

गाढ झोप आणि मंद श्वास

मोठ्या शस्त्रक्रियेनंतर मॉर्फीन, फेन्टॅनिल अशी अफूच्या जातीची औषधे लागतात. त्यांच्याइतके प्रभावी दुसरे साधन तीव्र वेदनेवर क्वचितच आहे. परंतु ती मेंदूतील श्वसनाच्या केंद्राला मंद करतात. आधी गुंगी वाढते, मग श्वास उथळ व विरळ होतो. पहिल्या चोवीस तासांत हा धोका सर्वाधिक असतो. झोपेच्या गोळ्या किंवा दारू यांची जोड मिळाली, अथवा झोपेत श्वास अडखळण्याची जुनी सवय असली, की तो आणखी वाढतो. ट्रॅमॅडॉल तुलनेने सौम्य मानले जाते, परंतु त्यानेही झटके येऊ शकतात.

येथे अज्ञान थेट जिवावर बेतते. मध्यरात्री रुग्ण मोठ्याने घोरू लागला की सोबतची माणसे समाधानाने म्हणतात, बरे झाले, डोळा लागला. वास्तविक ते घोरणे श्वासमार्ग अडत असल्याची खूण असू शकते. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरचा आकडा चांगला आहे म्हणून निश्चिंत होणेही चूक आहे. नाकाला ऑक्सिजन चालू असेल तर श्वास मंदावल्यानंतरही तो आकडा बराच वेळ चांगलाच दिसतो. खरे मोजमाप दोन गोष्टींचे करावे लागते : हाक मारल्यावर रुग्ण नीट जागा होतो का, आणि तो मिनिटाला किती श्वास घेतो. जागे करणे जड जात असेल किंवा श्वास दहाच्या खाली आले असतील, तर ताबडतोब परिचारिकेला व डॉक्टरला बोलावले पाहिजे. नॅलोक्सोन हा यावरील उतारा आहे. मात्र त्याचा अंमल मॉर्फीनच्या आधी उतरतो, म्हणून उतारा दिल्यानंतरही पहारा चालूच ठेवावा लागतो. काही रुग्णालयांत रुग्णाने स्वतः बटण दाबून औषध घेण्याचा पंप असतो. त्याची सुरक्षितता एकाच गोष्टीवर उभी आहे : गुंगीत गेलेला माणूस बटण दाबीत नाही. मायेपोटी नातेवाइकाने त्याच्या वतीने बटण दाबले, की ही सुरक्षितता नाहीशी होते.

अफू येथली, वेदनाही येथली

या धोक्यांचा बाऊ करून औषधच नाकारणे हा दुसऱ्या टोकाचा अन्याय आहे, आणि त्याचा अनुभव या देशाने घेतला आहे. कायदेशीर अफूचे पीक घेणाऱ्या मोजक्या देशांत भारत आहे. मंदसौर, नीमच, चित्तोडगडचे शेतकरी ती पिकवितात, नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते आणि परदेशांना ती निर्यातही होते. असे असूनही १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्यांचे असे जंजाळ उभे केले, की रुग्णालयांनी मॉर्फीन ठेवणेच सोडले. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन अत्यावश्यक औषधांसाठी देशभर एकच पद्धत आली. तरी कागदावरची सुलभता छोट्या रुग्णालयाच्या कपाटापर्यंत आपोआप पोहोचत नाही.

नफेखोरीच्या हाती ही औषधे सोपविली तर काय होते, हे अमेरिकेने दाखविले आहे. १९९६ पासून परड्यू फार्मा कंपनीने ऑक्सिकोडोनच्या गोळ्यांचा सवयीचा धोका कमी असल्याचे भासवून प्रचंड प्रचार केला. २०२० साली तिला न्यायालयात गुन्हा कबूल करावा लागला, तोवर असंख्य कुटुंबे उद्ध्वस्त झाली होती. एकीकडे नोकरशाहीची कुलुपे आणि दुसरीकडे बाजाराची खुली दारे, यांत श्रमिकाच्या हिताची वाट तिसरी आहे. औषध उपलब्ध हवे, आणि त्यावर डोळस पहाराही हवा.

पहारा कोण करणार?

हा पहारा यंत्र करीत नाही, परिचारिका करते. श्वास मोजणे, गुंगी पाहणे, वजनाप्रमाणे मात्रा काढणे, शिरेतील सुईची जागा सुजली का हे तपासणे, हे सारे तिच्याच हातून व्हावयाचे असते. रात्रपाळीत एकटी परिचारिका भरलेला वॉर्ड सांभाळीत असेल, तर उत्तमोत्तम नियमही भिंतीवरच राहतात. २०२२ च्या मे महिन्यात राज्यातील सरकारी रुग्णालयांतील परिचारिकांनी कंत्राटी भरतीविरुद्ध संप केला, तेव्हा रुग्णांचे हाल होत असल्याची ओरड झाली. परंतु परिचारिकांची संख्या आणि नोकरीची शाश्वती हीच रुग्णाची सुरक्षितता आहे, हे त्या ओरडीत हरवून गेले. वॉर्डातील परिचारिका आणि खाटेवरचा हमाल यांचे हितसंबंध एकच आहेत.

खाजगी क्षेत्रात अडचण उलटी आहे. रुग्ण तोंडाने जेवू लागल्यावर साध्या गोळीने भागत असताना शिरेतील बाटल्या चालू राहतात, आणि त्या गोळीपेक्षा कितीतरी पट महाग असतात. शिरेतील सुई जितके दिवस राहील तितका जंतुसंसर्गाचा धोकाही राहतो. जेवण सुरू झाले की गोळीवर यावे, हा नियम शास्त्राच्या आणि खिशाच्या, दोहोंच्या हिताचा आहे.

कार्यकर्त्यांपुढील काम

डॉक्टरांच्या कामात संघटनेने लुडबूड करू नये, असा आक्षेप घेतला जाईल. औषध कोणते द्यावे हे डॉक्टरनेच ठरवावे, याबद्दल वाद नाही. परंतु वजन केले का, नोंद ठेवली का, रात्री पाहणारे कोणी आहे का, हे विचारणे म्हणजे लुडबूड नव्हे. काट्यात खोट आहे का हे पाहणारा हमाल व्यापाऱ्याचा धंदा चालवीत नसतो.

शस्त्रक्रियेला जाणाऱ्या प्रत्येक कामगाराबरोबर संघटनेने एक कार्ड द्यावे. त्यावर वजन, चालू असलेल्या गोळ्या, दारू-तंबाखूची सवय, मूत्रपिंड, यकृत, जठर व दम्याचे विकार आणि पूर्वी एखादे औषध बाधले असल्यास त्याचे नाव लिहावे. दारूची सवय लपविण्यात अब्रू नाही, धोका आहे. रात्री सोबत राहणाऱ्यास श्वास मोजावयास शिकवावे आणि डॉक्टरला विचारल्यावाचून घरची गोळी देऊ नये, असे बजावावे. वेदना किती हे शून्य ते दहाच्या मापात सांगता येत नसेल, तर जुन्या माणसाला रुपयात किती आणे दुखते असे विचारावे. तेही पडल्यापडल्याचे नव्हे, खोकताना आणि उठताना दुखते ते. घरी जाताना औषधे किती दिवस घ्यावयाची आणि केव्हा थांबवावयाची, हे कार्डावर लिहून घ्यावे. काळी शौच, कमी झालेली लघवी, डोळ्यांत पिवळेपणा दिसला तर परत रुग्णालय गाठावे.

हक्कांची साधने अगदीच नाहीत असे नाही. धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवण्याची योजना २००६ साली उच्च न्यायालयाने घालून दिली. नर्सिंग होम नोंदणीच्या २०२१ च्या सुधारित नियमांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागी लावणे बंधनकारक केले. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत औषधांचा खर्च ठरलेल्या रकमेतच धरलेला असतो. या तरतुदी वापरणारा संघटित माणूस नसेल, तर त्या निर्जीव राहतात.

शेवटी प्रश्न पुन्हा मजुरीशी येऊन भिडतो. हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे जड ओझे उचलावयाचे नसते. ज्याची चूल रोजच्या हमालीवर पेटते, तो ही मुदत पाळू शकत नाही. तो वेदनाशामक गोळी घेऊन पोते उचलतो. वेदना हा शरीराने दिलेला इशारा असतो, आणि गोळी तो इशारा दाबून टाकते. तेव्हा माथाडी मंडळाच्या निधीतून शस्त्रक्रियेनंतरच्या सक्तीच्या विश्रांतीची भरपगारी तरतूद, ही मागणी वेदनाशमनाच्या प्रश्नापासून वेगळी काढता येणार नाही. बाजाराला माल हवा असेल, तर माल वाहणाऱ्याच्या बरे होण्याचा खर्चही बाजारानेच उचलला पाहिजे.